जांघेतला हर्निया: जाळी ठोकावी की नुसती ठेवावी?

वाचकाचे पत्र

डॉक्टरांना सादर नमस्कार. माझे वय ४४. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मी जॉबर आहे. बीम, म्हणजे सुताचे जड रूळ, चढवताना-उतरवताना मलाही हात लावावा लागतो. वर्षभरापासून उजव्या जांघेत फुगा येतो. आडवे झाले की आत जातो, आणि पाळी संपत आली की ठणकू लागतो. सोनोग्राफीत उजव्या बाजूला हर्निया आणि छिद्र १.८ सेंटीमीटर असे लिहिले आहे. एका सर्जननी सांगितले की दुर्बिणीने टेप पद्धतीने, म्हणजे पोटाच्या पोकळीत न शिरता, ऑपरेशन करू, जाळी ठोकण्याची गरज नाही. दुसरे म्हणाले की काम जड आहे, टॅकरने, म्हणजे बारीक पेचांनी, जाळी ठोकावीच लागेल. त्यांच्या अंदाजपत्रकात टॅकरचा खर्च वेगळा लावला आहे. शेजारी म्हणतात, न ठोकलेली जाळी पोटात फिरते. इकडे माझ्या थोरल्या भावाचे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी टॅकर मारून झाले. हर्निया परत आला नाही, पण मांडीच्या बाहेरच्या अंगाला जी जळजळ तेव्हा सुरू झाली ती आजही आहे. आमच्या घरात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलण्याची सेवा वडिलांपासून चालत आली आहे आणि ती मला सोडायची नाही. मी कोणाचे ऐकावे?

एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्याला भेटलेल्या दोन सर्जनांपैकी कोणी चुकीचे सांगत आहे, असे आपले पत्र वाचून मला वाटत नाही. दोघांनी आपापल्या मनात वेगवेगळा हर्निया धरून उत्तर दिले असावे, एवढाच त्यातून अर्थ निघतो. जाळी ठोकायची की नाही हे जांघेतले छिद्र कोणत्या जागी आहे आणि केवढे आहे यावर ठरते. रुग्णाचे काम जड आहे की हलके, याचा वाटा त्यात पुष्कळच कमी असतो. म्हणून आधी छिद्राविषयी लिहितो.

जांघेत पोटाची भिंत मुळातच नाजूक असते, कारण पुरुषांमध्ये वृषणाकडे जाणारी वीर्यनलिका आणि रक्तवाहिन्या तिथून बाहेर पडतात आणि पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्याही त्याच भागातून खाली उतरतात. हेन्री फ्रुशो या फ्रेंच शल्यविशारदाने १९५६ मध्ये हे दाखवून दिले की जांघेतले सगळे हर्निया एकाच कमकुवत पट्ट्यातून बाहेर येतात. त्या पट्ट्यात तीन जागा आहेत. वीर्यनलिकेच्या वाटेने जो येतो तो इनडायरेक्ट हर्निया. त्याच्या आतल्या बाजूला, जघनास्थीच्या जवळ, भिंत झिजून सरळ पुढे येतो तो डायरेक्ट. आणि त्याच्या खाली, मांडीच्या मुळाशी, रक्तवाहिन्यांच्या शेजारून येतो तो फेमोरल. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा मोठा फायदा हा की एकच रुंद जाळी या तिन्ही जागा आतल्या बाजूने झाकते. ही जाळी किमान १० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर लांब असावी, असे आज सर्वत्र मानले जाते.

आता ती जाळी नेमकी कुठे बसते ते पाहा, कारण आपल्या शेजाऱ्यांच्या भीतीचे उत्तर तिथेच आहे. ती पोटाच्या पोकळीत आतड्यांमध्ये मोकळी सोडलेली नसते. पोटाचे आतले पातळ आवरण आणि पुढची स्नायूंची भिंत यांच्यामध्ये सर्जन जागा मोकळी करतो, जाळी त्या जागेत पसरतो, आणि मग आवरण पुन्हा तिच्यावर येऊन बसते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आवरण आणि त्यामागे सगळ्या पोटाचा दाब, अशी ती दोन्हींच्या मध्ये धरलेली असते. गादी आणि पलंग यांच्यामध्ये खोचलेली चादर निजणाऱ्याच्या वजनाने जशी जागच्या जागी राहते, तसेच इथे होते. आपण खोकलात, जोर केलात, बीम उचललात की पोटातला दाब वाढतो, आणि तो दाब जाळीला भिंतीवर अधिकच घट्ट दाबतो. फ्रान्समधील आमिअँ येथील शल्यविशारद रेने स्तोप्पा यांनी दुर्बिणीच्या पुष्कळ आधी, पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत, याच जागेत फार मोठी जाळी न शिवता ठेवण्याची पद्धत रूढ केली होती, आणि ती याच तत्त्वावर उभी होती. पुढे काही आठवड्यांत शरीराचे तंतू जाळीच्या छिद्रांतून वाढतात आणि ती भिंतीचाच भाग होऊन जाते. म्हणजे प्रश्न उरतो तो फक्त पहिल्या काही आठवड्यांचा.

पण हेच तत्त्व एका ठिकाणी उलटते. जघनास्थीजवळचे डायरेक्ट हर्नियाचे छिद्र जर फार मोठे असेल, तर तिथे जाळीच्या पुढे टेकायला भिंतच नसते. मग जो दाब एरवी जाळीला भिंतीवर दाबून धरतो, तोच तिला त्या मोकळ्या तोंडातून पुढे ढकलतो. जाळी तंबूसारखी फुगते, तिची कड आत ओढली जाते, आणि काही महिन्यांनी रुग्ण पुन्हा त्याच जागी फुगा घेऊन येतो. अशा हर्नियात जाळी पक्की करणे हेच शहाणपणाचे आहे. जगभरातल्या हर्निया संघटनांनी एकत्र येऊन २०१८ मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हेच आहे: टेप पद्धतीत जवळजवळ सर्व रुग्णांत जाळी ठोकण्याची गरज नाही; मात्र टेप असो वा टॅप (पोटाच्या पोकळीतून जाऊन करायची दुर्बिणीची पद्धत), मोठ्या डायरेक्ट हर्नियात ती पक्की करावी. मोठा म्हणजे केवढा, तर युरोपीय वर्गीकरणात शस्त्रक्रियेच्या वेळी छिद्र बोटांच्या मापाने मोजतात, एक बोट साधारण दीड सेंटीमीटर धरून. एक बोट मावेल ते लहान, दोन बोटांपर्यंत मध्यम, आणि तीन बोटे किंवा त्याहून अधिक, म्हणजे सुमारे ३ सेंटीमीटरच्या पुढचे, ते मोठे.

आपल्या अहवालातले १.८ सेंटीमीटर हे माप खरे ठरले, तर आपला हर्निया डायरेक्ट असो की इनडायरेक्ट, तो मध्यम गटात येतो आणि टेप पद्धतीत जाळी न ठोकता ठेवणे त्याला पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त दोन गोष्टींची नोंद घ्यावी. सोनोग्राफीत छिद्राचे माप आणि प्रकार पुष्कळदा बरोबर येतात, पण नेहमीच नाही. आपण दिलेल्या मजकुरात प्रकार लिहिलेलाच नाही. खरे माप दुर्बीण आत गेल्यावरच कळते. दुसरी गोष्ट, कामाच्या जडपणाची. दुसऱ्या सर्जनांना आपली काळजी वाटली हे मी समजू शकतो, पण जड काम हे एकटे कारण टॅकर मारण्यासाठी पुरेसे आहे असे मार्गदर्शक तत्त्वे म्हणत नाहीत, आणि दाबाचे जे गणित वर सांगितले त्यावरूनही तसे निघत नाही. लहान छिद्रावर नीट पसरलेली जाळी बीम उचलल्याने सरकत नाही. त्यांना तपासणीत भिंत बरीच सैल लागली असेल आणि मोठ्या डायरेक्ट हर्नियाची शंका आली असेल, तर गोष्ट वेगळी. ते त्यांना सरळ विचारावे.

मग जाळी घालूनही हर्निया परत येतो तो कशाने? याचे उत्तर बहुतेक वेळा टॅकरच्या अभावात सापडत नाही. जाळी लहान वापरलेली असते. किंवा आतली जागा पुरेशी मोकळी न केल्यामुळे मोठी जाळी चुरगळून बसलेली असते. किंवा वीर्यनलिकेला चिकटलेल्या चरबीची गाठ आत ओढून घ्यायची राहून गेलेली असते. किंवा, आणि हे फार वेळा घडते, पोटाचे आवरण वीर्यनलिकेवरून पुरेसे मागे सोडवलेले नसते, त्यामुळे शेवटी ते खाली येताना जाळीची खालची कड आपल्याबरोबर उचलते आणि त्या उचललेल्या कडेखालून हर्नियाला वाट मिळते. अशा चुकीवर दहा टॅकर मारले तरी ती झाकली जात नाही, कारण जाळीच्या खालच्या कडेला, जिथे पायाच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आहेत, तिथे टॅकर मारताच येत नाही.

न ठोकणाऱ्या सर्जनची कसोटी शस्त्रक्रियेच्या अगदी शेवटच्या मिनिटाला लागते. टेप पद्धतीत ती मधली जागा कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवलेली असते. जाळी पसरून झाल्यावर वायू सोडायचा असतो. चांगला सर्जन इथे घाई करत नाही. एका अवजाराने तो जाळीची खालची बाहेरची कड धरून ठेवतो, दुर्बीण आतच ठेवतो, वायू हळूहळू सोडतो, आणि आवरण खाली येऊन जाळीवर टेकताना पडद्यावर डोळ्यांनी पाहतो. कड गुंडाळली जात आहे असे दिसले तर पुन्हा वायू भरून जाळी सरळ करतो. जाळी टिकण्याचा मोठा आधार या एका मिनिटात आहे, आणि रुग्णाच्या बिलात त्याची ओळ कधीच नसते.

आता टॅकरविषयी. १९९० च्या दशकात दुर्बिणीची ही शस्त्रक्रिया सुरू झाली तेव्हा जाळी स्टेपलने, आणि पुढे पेचाच्या आकाराच्या टायटॅनियमच्या बारीक टॅकरने, पक्की करण्याची रीत होती. हा पेच सुमारे ४ मिलीमीटर खोल जातो आणि जन्मभर तिथेच राहतो. पुढे एमआरआय करायची वेळ आली तर टायटॅनियममुळे सहसा अडचण येत नाही, तपासणीपूर्वी तिथल्या तंत्रज्ञाला सांगावे म्हणजे झाले. टॅकर मुळात वाईट नाही. तो कुठे मारला जातो यावर त्याचा गुण-दोष ठरतो. सुरक्षित जागा मोजक्या आहेत: जघनास्थीच्या वरच्या कडेवरचा कूपरचा भक्कम बंध, तोही तिथून आडव्या जाणाऱ्या रक्तवाहिनीला चुकवून, आणि पुढची स्नायूंची भिंत, पण भिंतीवरून वर चढणाऱ्या रक्तवाहिन्या सोडून. याखालचे दोन त्रिकोण वर्ज्य आहेत. वीर्यनलिका आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या यांच्यामधल्या त्रिकोणात पायाची मुख्य रोहिणी आणि नीला आहेत. तिथे टॅकर गेला तर जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. त्याच्या बाहेरच्या बाजूच्या त्रिकोणात मांडीला संवेदना देणारे मज्जातंतू आहेत. सर्जन त्याला वेदनेचा त्रिकोण म्हणतात.

या त्रिकोणापासून दूर राहण्याची एक जुनी, साधी रीत आहे. बाहेरच्या बाजूला टॅकर मारण्यापूर्वी सर्जन दुसरा हात रुग्णाच्या पोटावर बाहेरून दाबून धरतो. टॅकरचे टोक त्या तळव्याला आतून लागले, तर जागा वरची आहे, मारायला हरकत नाही. टोक हाताला लागत नसेल, तर ते जांघेतल्या आडव्या तंतुमय पट्ट्याच्या (इलिओप्युबिक ट्रॅक्टच्या) खाली आहे आणि तिथे मारायचे नाही. शिकाऊ डॉक्टरांना ही रीत आवर्जून शिकवली जाते, आणि ती प्रत्येक वेळी पाळली जावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

जिथे जाळी पक्की करायची ठरते, तिथेही धातूचा टॅकर हा एकच पर्याय नाही. विरघळणारे टॅकर मिळतात. ते साधारण वर्षभरात किंवा थोड्या अधिक काळात शरीरात विरून जातात, पण ते विरघळणारे आहेत म्हणून चुकीच्या जागी मारले तर चालतात, असा समज कोणी करून घेऊ नये, कारण मज्जातंतूला इजा मारल्या क्षणीच होते. फायब्रिन ग्लू हा मानवी रक्तातील गोठणाऱ्या प्रथिनांपासून बनवलेला चिकट द्रव आहे, आणि सायनोॲक्रिलेट हा कृत्रिम वैद्यकीय ग्लू आहे. ग्लूमध्ये टोचणे नाही, म्हणून वेदनेच्या त्रिकोणाची धास्ती पुष्कळ कमी होते. टॅकर आणि ग्लू यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत हर्निया परत येण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसलेला नाही, आणि सुरुवातीचे दुखणे ग्लू वापरलेल्यांत कमी असण्याकडे कल दिसतो. जाळी पक्की करायचीच असेल तर मी प्रथम ग्लूचा विचार करतो, आणि छिद्र फारच मोठे असेल तर कूपरच्या बंधावर दोन-तीन टॅकर किंवा टाके घालणे पसंत करतो. मोठ्या डायरेक्ट हर्नियात भिंतीचा सैल झालेला पातळ पडदा आत ओढून त्या बंधाला बांधून टाकला तर पोकळीही लहान होते आणि नंतर तिथे पाणी साठण्याचे प्रमाणही घटते. स्वतःच पकड घेणाऱ्या आणि जांघेच्या वळणाप्रमाणे घडवलेल्या जाळ्याही बाजारात आहेत; त्या चांगल्या आहेत, महाग आहेत, आणि आपल्यासारख्या हर्नियाला त्यांच्यावाचून काही अडत नाही.

टॅप पद्धतीत सर्जन पोटाच्या पोकळीतून जातो, आवरण कापून जाळी बसवतो आणि आवरण पुन्हा बंद करतो. लहान-मध्यम छिद्रांत तिथेही जाळी न ठोकता चालते. मात्र आवरण बंद करताना ते टाक्यांनी नीट शिवलेले बरे, म्हणजे आतडे जाळीला चिकटण्याचा धोका कमी होतो.

आता खर्चाविषयी, कारण आपल्या पत्रातली खरी बोच मला तिथे दिसली. टॅकरचे उपकरण एकदा उघडले की त्यातले दोन टॅक वापरले काय आणि सगळे वापरले काय, किंमत पूर्ण लागते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आपल्या सर्जनना असे विचारावे की छिद्र आत गेल्यावर लहान किंवा मध्यम निघाले तर आपण जाळी न ठोकता ठेवाल का, आणि मोठे डायरेक्ट निघाले तर काय वापराल. जो सर्जन या दोन्हींची उत्तरे शांतपणे देतो आणि टॅकरचा खर्च ‘लागल्यास’ या अटीवर अंदाजपत्रकात वेगळा दाखवतो, त्याच्या हाती आपण निर्धास्त राहावे. जाळीचे माप काय असेल आणि अशा शस्त्रक्रिया ते नियमित करतात का, हेही विचारायला संकोच करू नये. दुर्बिणीच्या हर्नियात हात बसायला बराच काळ लागतो, आणि माझ्या मते टॅकर हवा की नको यापेक्षा या प्रश्नाचे महत्त्व अधिक आहे. कामगार विमा असेल तर त्याची चौकशी करावी. आपल्याकडच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातही विचारावे, आणि ज्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे तिथे आरोग्यमित्राला भेटून आपल्या शस्त्रक्रियेसाठी काय मिळते ते कागदावर समजून घ्यावे. पैशांची अडचण फारच असेल तर जांघेवर छेद देऊन, जागा बधिर करून, जाळी शिवण्याची लिख्टेनस्टाइन पद्धतही अत्यंत विश्वासार्ह आहे. ती निवडण्यात कमीपणा मानू नये.

शस्त्रक्रियेनंतर जांघेत पूर्वीसारखीच मऊ गाठ दिसली तर घाबरून जाऊ नये. डायरेक्ट हर्नियाच्या रिकाम्या जागेत पाणी साठते, ते बहुधा काही आठवड्यांत आपोआप शोषले जाते, आणि सुई घालून ते काढण्याची घाई केल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. चालणे-फिरणे त्याच दिवशी सुरू करावे. महिनोन् महिने अंथरूण धरण्याची जुनी रीत आता राहिलेली नाही. दुखत नसेल तेवढे रोजचे काम आठवड्याभरात करता येते. बीम मात्र एकट्याने उचलण्याआधी चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. ही खबरदारी आहे, जाळी ठोकली असो वा नसो दोघांनाही सारखीच. नंदीध्वजाची सेवा आपण सोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही. कमरेच्या पट्ट्यावर तो भार पेलताना आणि गर्दीत तोल सांभाळताना पोटावर किती ताण येतो हे संक्रांतीला मिरवणूक पाहणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक आहे. म्हणून शस्त्रक्रिया अशा बेताने करून घ्यावी की सराव सुरू होण्यापूर्वी किमान दोन महिने हाती राहतील, आणि सरावात भार हळूहळू वाढवावा. यंदा तेवढी सवड मिळत नसेल तर या वर्षी दोरी धरणाऱ्यांत उभे राहावे. शस्त्रक्रियेपूर्वी हर्निया घेऊन ध्वज पेलणे मात्र टाळावे.

वारंवारच्या खोकल्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. कारखान्यात उडणाऱ्या कापसाच्या तंतूंमुळे आपल्याला खोकला होत असेल, तर शस्त्रक्रियेआधी छातीची तपासणी आणि उपचार करून घ्यावेत, कामावर तोंडाला मास्क लावावा. बिडी-सिगारेट ओढत असाल तर ती बंद करावी. धूम्रपानाने जखम भरणे मंदावते आणि हर्निया परत येण्याचा धोका वाढतो. शौचाला कुंथावे लागत असेल, लघवी अडखळत असेल, तर तेही आधी सांगावे. आणि शस्त्रक्रियेची तारीख येण्याआधी कधीही तो फुगा कडक झाला, दुखू लागला, आडवे होऊनही आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे. आतडे अडकल्याची ती खूण आहे.

आपल्या थोरल्या भावांविषयी. मांडीच्या बाहेरच्या अंगाची जळजळ ही तिथली संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या इजेची ओळखीची लक्षणे आहेत, आणि ती टॅकरमुळे असू शकते, तसेच जाळीभोवतीच्या व्रणामुळेही असू शकते. जाळी न ठोकताही काही जणांना दुखणे राहते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शुद्धीवर येताच मांडीत विजेसारखी तीव्र कळ येत असेल तर टॅकर मज्जातंतूवर बसल्याचा संशय घेऊन सर्जनने लगेच पुन्हा आत पाहायला हवे. ती वेळ त्यांच्या बाबतीत निघून गेली आहे, पण उपाय संपलेले नाहीत. शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयातून शस्त्रक्रियेचे टिपण मागून घ्यावे, त्यात टॅकर किती आणि कुठे मारले याची नोंद पाहावी. मग वेदनाचिकित्सा करणाऱ्या भूलतज्ज्ञाकडून त्या मज्जातंतूजवळ बधिर करणारे इंजेक्शन घ्यावे. त्याने जळजळ काही तास तरी थांबली तर दोष कुठे आहे ते निश्चित होते. मज्जातंतूच्या दुखण्यावरची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे घेऊन पाहावीत, साध्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाऊ नयेत, कारण त्या मूत्रपिंडाला अपाय करतात. इंजेक्शनने आराम पडतो पण टिकत नाही, असे दिसले तर दुर्बिणीनेच आत जाऊन तो टॅकर काढता येतो किंवा मज्जातंतू मोकळा करता येतो. हे काम अवघड आहे आणि अशा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच करावे. ते टिपण हाती आले की त्याची प्रत आपल्या सर्जननाही दाखवावी.